अण्णांचं पत्रक, दादांचा अहवाल

दिवाळीच्या आधी आमच्या आमदारांचा कार्यअहवाल घरोघर वाटला गेला. गुळगुळीत आर्ट पेपर, चौरंगी छपाई. मुखपृष्ठावर दादा हात जोडून उभे आणि त्यांच्या डोक्यावर नेत्यांच्या गोल फोटोंची रांग. पक्षात ज्याचं जेवढं वजन, तेवढा त्याचा गोल मोठा. आत रस्ते, पूल, सभामंडप आहेतच, पण ते मागच्या पानांवर. पहिला मान घराच्या जमाखर्चाला. लाडकी बहीण, एसटीचं अर्धं तिकीट, वर्षाला तीन मोफत सिलिंडर, शेतकऱ्याला केंद्राचे सहा आणि राज्याचे सहा मिळून बारा हजार. एका सामान्य घरात वर्षाला किती रुपये आले, याचा हिशेबच एका चौकटीत बेरीज करून मांडलाय. त्यानंतर थेट कार्यक्रम : हळदीकुंकू, आमदार चषक, नेत्रतपासणी, देवदर्शन सहल. प्रत्येक पानावर दादा आहेतच.

अहवाल चाळताना अण्णांच्या पत्रकाची आठवण येणं साहजिक होतं. अण्णा म्हणजे आमच्या दुष्काळी टापूचे सत्तरीच्या दशकातले आमदार. अधिवेशन संपलं की पंधरा-वीस दिवसांत त्यांचं पत्रक यायचं. तालुक्याच्या छापखान्यात ट्रेडलवर छापलेलं, वर्तमानपत्री कागदाचं, दुमडून चार पानं. खिळे झिजलेले, त्यामुळे रफार कुठे उमटायचा, कुठे नाही. सुरुवात 'सप्रेम नमस्कार, वि. वि.' अशी आणि फोटो मुळीच नाही. ब्लॉक करायला पैसे पडतात, ते कशाला, असा त्यांचा हिशेब.

त्या पत्रकातही विषय घरखर्चाचाच असायचा. तगाईची वसुली या वर्षी थांबवावी म्हणून सभागृहात काय विचारलं आणि मंत्र्यांनी काय उत्तर दिलं. पाझर तलावाच्या कामावरची मजुरी तीन आठवडे का थकली. रेशनला गहू कमी का आला. मुक्कामी एसटी बंद का झाली. म्हणजे पत्रकाचा अर्धा भाग प्रश्नांचा आणि अर्धा मिळालेल्या उत्तरांचा. पुष्कळदा उत्तर 'माहिती घेण्यात येत आहे' एवढंच असायचं आणि अण्णा तेही जसंच्या तसं छापायचे. मास्तर चावडीवर ते वाचून दाखवायचे. पुढे कधीतरी अण्णा स्वतः आले की म्हातारी माणसं त्या छापील ओळीवर बोट ठेवून विचारायची, "घेतली का मग माहिती?" अण्णांना चहा पुढे होईपर्यंत तीन-चार जणांना तोंड द्यावं लागायचं.

हे सगळं ज्या काळातलं, त्याच्या बुडाशी १९७२चा दुष्काळ होता. मी तेव्हा शाळकरी. तांबडा मिलो आणि सुकडी यांची चव आमच्या पिढीच्या जिभेवर अजून आहे. सुकडी आम्हा पोरांना आवडायची, हे आज सांगताना थोडं ओशाळवाणं वाटतं. घरच्या मोठ्यांना ती कशी गिळवत असेल ते नंतर समजलं. रोजगार हमी योजना त्याच वर्षी राज्यभर आली. तिचे जनक वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती, मूळचे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे; तिथेच १९६५ साली त्यांनी या कल्पनेचा पहिला प्रयोग करून पाहिला होता. मागेल त्याला काम. पुढे १९७७ साली त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. काम मागणं हा हक्क आहे असं कायद्यानं लिहून देणारं देशातलं पहिलं राज्य आपलं.

त्या कामावरचा पगार मी पाहिलाय. नालाबांधाच्या कडेला बाभळीखाली खुर्ची-टेबल. मुकादम मस्टर उघडून नाव पुकारणार, कारकून नोटा मोजणार. बायका पदर सावरत रांगेत. पुढे येऊन डाव्या हाताचा अंगठा शाईच्या पॅडवर दाबायचा, मस्टरवर उठवायचा आणि पदराला नाहीतर गवताला पुसायचा. माप कमी भरलं म्हणून कापलेले पैसे, हजेरीत न लागलेला एक दिवस, मुकादमाला 'चहापाणी', हे सगळं वजा होऊन मग हातावर पडायचं ते. आणि तिथून दहा पावलांवर नवरा उभा. त्याच्यापलीकडे वाणी, उधारीची वही घेऊन. आमच्या वाड्यातली एक काकू सांगायची, की टेबलापासून वाण्यापर्यंत जाताना नोटा गरम असतानाच संपायच्या.

म्हणूनच लाडक्या बहिणीच्या दीड हजारावर नाक मुरडणाऱ्या माझ्या पेन्शनर मित्रांशी माझं पटत नाही. २८ जून २०२४च्या अर्थसंकल्पात योजना जाहीर झाली. वय २१ ते ६५, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत. ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या तोंडावर दोन महिन्यांचे ३००० रुपये एकदम खात्यात पडले. मधे मुकादम नाही, कारकून नाही, टेबल नाही. पैसे बाईच्या नावच्या, आधारशी जोडलेल्या खात्यात. आमच्या शेजारची सून शिवणकाम करते. पहिल्या काही हप्त्यांतून तिनं पायमशीनला मोटार बसवली आणि पिको-फॉलचं काम घ्यायला लागली. दारावर पाटी लावली : 'साडी पिको-फॉल करून मिळेल', खाली मोबाइल नंबर. नवऱ्यानं विचारलं, पैसे कुठले? म्हणाली, "माझे आहेत." हे दोन शब्द बाभळीखालच्या रांगेतल्या कोणत्याही बाईला उच्चारता आले नसते. निवडणुकीवर डोळा ठेवून योजना आली, हे तर शेंबडं पोरही सांगेल. पण पैसे पोचले, ही गोष्ट त्यानं खोटी ठरत नाही.

मग अण्णांच्या पत्रकाबद्दल मला एवढं का वाटावं? कारण तेव्हा सरकार घराकडे मागतही होतं, हे आता कुणाला आठवत नाही. अण्णांच्या प्रत्येक पत्रकाच्या शेवटी एक ठरलेला मजकूर असायचा : अल्पबचत करा. जिल्ह्याला अल्पबचतीचं उद्दिष्ट असायचं, तहसीलदार, मास्तर, ग्रामसेवक सगळे त्यामागे. पोस्टात पैसे गुंतवा, त्यातून राज्याला विकासासाठी कर्ज मिळतं, असं अण्णा समजावून सांगायचे. माझ्या आईचं पोस्टाचं आवर्ती ठेवीचं पुस्तक होतं. दर महिन्याला दहा रुपये. पुढे १९८८ साली किसान विकास पत्र आलं, साडेपाच वर्षांत दामदुप्पट. मुलीचं लग्न साडेपाच वर्षांवर आहे असं धरून बापानं पत्र घ्यायचं, असा आमच्याकडचा सर्रास हिशेब. म्हणजे शेताच्या बांधावर सरकार मजुरी देत होतं आणि चावडीवर तेच सरकार हात पसरून चार आणे शिल्लक मागत होतं. या देण्याघेण्यात एक बरोबरी होती. आई पोस्टाचं पुस्तक दाखवून अण्णांना विचारू शकायची, "आमच्या पैशाचं काय केलं?" आज माझी सून दादांना हे विचारायला गेली तर लोक म्हणतील, अगं, दीड हजार घेतेस आणि वर विचारतेस?

घेणाऱ्यानं विचारायचं नसतं, हे आपल्या अंगात कधी मुरलं कोण जाणे. पैसे तर घेणाऱ्यांचेच. व्यवसाय कराचंच पाहा. पगारपत्रकात दर महिन्याला २०० रुपये कापलेले दिसतात, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. हा कर १९७५ साली बसवला तो रोजगार हमीसाठी. शहरातल्या नोकरदारानं दुष्काळी माणसाच्या मजुरीला हातभार लावायचा, असा साधा करार. मी नोकरीला लागलो तेव्हा पहिल्या पगारातल्या त्या कपातीबद्दल कुरकुर केली होती. वडील म्हणाले, "तुझ्या आईनं बांधावर माती वाहिली, तेव्हा कुणीतरी ती कुरकुर केली असेल. आता तुझी पाळी." अण्णांनी हा कर दोन परिच्छेदांत उलगडून सांगितला होता : कुणाकडून येतो, कुणाला जातो. आता २०२३च्या अर्थसंकल्पापासून महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना तो माफ आहे. चांगलं झालं. दादांच्या अहवालात माफीचा उल्लेख ठळक आहे, कर मुळात कशासाठी होता याचा नाही.

दुसरी आठवण आमदार निवासाची. मुंबईत आकाशवाणी आमदार निवास, नागपुरात अधिवेशनाच्या दिवसांतलं तिथलं निवास. खोली आमदाराच्या नावावर आणि मुक्काम मतदारसंघाचा. टाटा रुग्णालयात कुणाला दाखवायचं असलं की आधी अण्णांचं पत्र, मग अण्णांची खोली. पलंगावर पेशंट, खाली सतरंजीवर नातेवाईक, दोरीवर वाळत घातलेली धोतरं-लुगडी, कोपऱ्यात भाकरीचं गाठोडं. खुद्द अण्णा कुणा दुसऱ्या आमदाराच्या खोलीत झोपायला गेलेले. माझ्या चुलत्यांवर उपचार चालू होते तेव्हा आम्ही तिथेच उतरलो होतो. सकाळी नळाला रांग लागायची, त्या रांगेत अण्णाही टॉवेल खांद्यावर टाकून उभे. घरातलं आजारपण किती पैसे खातं, हे त्यांना कुठल्या अहवालातून कळावं लागत नव्हतं. आता वैद्यकीय मदतीचा अर्ज मोबाइलवरून जातो, दादांचा एक माणूस कायम त्याच कामावर असतो आणि तो काम चोख करतो. ते दिवस परत यावेत असं त्या नळाच्या रांगेत उभा राहिलेला कुणी म्हणणार नाही. मीही म्हणत नाही.

सगळेच आमदार अण्णांसारखे होते असंही नाही; शेजारच्या तालुक्यातल्या एकाची जीप धूळ उडवत गेली की लोक तोंड फिरवायचे. पण सांगोल्याचे गणपतराव देशमुख होते. १९६२ साली पहिल्यांदा निवडून आले, एकाच मतदारसंघातून एकूण अकरा वेळा, एकाच शेतकरी कामगार पक्षाकडून. २०२१च्या जुलैत गेले. त्यांचा एसटीचा प्रवास अख्ख्या राज्याला माहीत. एसटीत आमदार-खासदारांसाठी राखीव आसन असतं. ते कुणासाठी असतं हे आमच्या टापूतल्या पोरांना त्यांच्यामुळे खरं वाटायचं. हल्ली त्या आसनावर अर्ध्या तिकिटातली मावशी पिशवी मांडीवर घेऊन बसलेली असते. १७ मार्च २०२३पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट झालं आणि आमच्या भागातल्या माहेरवाशिणी वर्षातून चार वेळा जास्त यायला लागल्या. त्या आसनावर आमदार बसण्यापेक्षा मावशी बसलेली मला जास्त आवडते.

कार्यक्रमांबद्दल मात्र मी मन मोकळं करून बोलणार आहे. अण्णांचे कार्यक्रम त्यांचे नसायचेच. जत्रा गावाची, कुस्त्यांचा आखाडा गावाचा, हरिनाम सप्ताह वारकऱ्यांचा. ते यायचे, पटका बांधून घ्यायचे, शेवटच्या कुस्तीचं बक्षीस त्यांच्या हस्ते व्हायचं आणि वर्गणीच्या पावतीपुस्तकात त्यांचं नाव इतरांच्या मधेच कुठेतरी : अमुक आमदार, रुपये एक्कावन्न. वर ग्रामपंचायतीचा शिपाई, खाली गावचा न्हावी. लग्नाला आले तर मांडवात मागे बसायचे. एकदा लाउडस्पीकरवाल्यानं मंगलाष्टकं थांबवून 'आपले लाडके आमदार' सुरू केलं, तर अण्णा खालूनच ओरडले, "अरे, मुहूर्त टळतोय!"

आता कार्यक्रम दादांचा असतो आणि गाव पाहुणं. आमदार चषकाला टेनिस बॉल, फ्लडलाइट, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण, षटकाराला हजार रुपये रोख. बैलगाडा शर्यतीवर २०१४ साली बंदी आली होती, डिसेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अटी घालून परवानगी दिली, मे २०२३मध्ये राज्याचा कायदाही उचलून धरला. तेव्हापासून घाटावर ट्रॅक्टर नि मोटारी बक्षिसाला लागतात. हळदीकुंकवाला 'खेळ पैठणीचा'. माझी वहिनी गेल्या संक्रांतीला गेली होती. सूत्रसंचालकानं तिला फुगा फुगवायला लावला, उखाणा घ्यायला लावला, पैठणी मिळाली नाही, स्टीलचा डबा मिळाला. डब्याच्या झाकणावर दादांचा फोटो कोरलेला. ती त्यात हळद ठेवते आणि झाकण भिंतीकडे फिरवून ठेवते. हसली मात्र खूप. इतकी हसलेली मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. शिबिरात तिला चष्माही मिळाला आणि तो चांगला आहे. तेव्हा मी कितीही नावं ठेवली तरी वहिनीच्या दृष्टीनं दादा नापास होत नाहीत.

एका बाबतीत आजचा मतदार आमच्यापेक्षा नशीबवान म्हणावा लागेल. अण्णांच्या घरची सांपत्तिक स्थिती आम्हाला डोळ्यांनी पाहून कळायची : घर गळकं, मुलगा सोसायटीचा कर्जदार, दरवर्षी मार्चला कर्ज नवं-जुनं करून सात-बारावरचा बोजा तसाच पुढे ढकलणारा. त्यातलं खरं किती आणि दाखवण्यापुरतं किती, हे तपासायला मार्ग नव्हता, विश्वास ठेवायचा. आता मार्ग आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३च्या निकालांनंतर उमेदवाराला नमुना २६मधलं शपथपत्र भरावं लागतं. स्वतःची, पत्नीची, अवलंबितांची मालमत्ता, सोनं ग्रॅमांत, गाड्या, शेती गट नंबरासह, कर्जं, दाखल गुन्हे. अलीकडे उत्पन्नाचा स्रोत आणि मागच्या पाच वर्षांचं प्राप्तिकर विवरणपत्रांत दाखवलेलं उत्पन्नही. दादांचं शपथपत्र मी सवडीनं वाचलं. त्यांच्या पत्नीचा व्यवसाय 'शेती व गृहिणी' असा आहे आणि पाच वर्षांत वाढलेला आकडा पाहिला तर कृषी विद्यापीठानं त्या शेतीवर एक सहल काढायला हरकत नाही. कार्यअहवालात कुटुंबांच्या अर्थकारणावर एवढी पानं आहेत, त्यात एक पान या कुटुंबाचं घालायला काय हरकत होती? कागद चांगला होता.

आणखी एक पान राहिलंय. २०२५-२६च्या राज्याच्या अर्थसंकल्पात कर्जाचा अंदाज ९ लाख ३२ हजार कोटींचा आहे आणि लाडक्या बहिणीसाठी ३६ हजार कोटींची तरतूद आहे. आदल्या वर्षी ४६ हजार कोटी सांगितले होते. मधल्या काळात छाननी झाली, नावं गळाली, मग ई-केवायसी आली. तिच्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी मागू लागले. शेजारच्या सुनेचा नवरा ऊसतोडीच्या टोळीबरोबर कर्नाटकात, त्याच्या फोनला रेंज नाही. 'माझे आहेत' म्हणणारी ती बाई सेवा केंद्राच्या पायरीवर बसून नवऱ्याच्या फोनवर येणाऱ्या सहा आकड्यांची वाट पाहत होती. मला पुन्हा तो टेबलापासून दहा पावलांवर उभा असलेला नवरा दिसला. याबद्दल कुणी तारांकित प्रश्न विचारला का, लक्षवेधी लावली का? अहवालात अख्ख्या वर्षात दादांनी सभागृहात काय विचारलं, याला अर्धं पान आहे आणि त्यातला अर्धा भाग ते माइकसमोर उभे असल्याच्या फोटोनं व्यापलाय.

मी त्यांच्या कार्यालयात फोन लावला. उचलणारा मुलगा फार सौजन्यानं बोलला. "काका, अहवाल आवडला ना?" छपाई उत्तम आहे म्हणालो आणि ओटीपीचं विचारलं. कर्जाचं विचारलं. थोडा वेळ टंकलेखनाचा आवाज आला, बहुधा त्यानं तक्रार नोंदवली असावी. मग म्हणाला, "रविवारी दादा आपल्याच गावात आहेत की. खेळ पैठणीचा आहे, सायंकाळी सहाला. तिथेच भेटा." पुरुषांना प्रवेश आहे का विचारलं, तर म्हणाला, "मागे खुर्च्या असतात, काका."

वहिनी जाणारच आहे. तिच्याजवळ मी दोन प्रश्न लिहून दिलेत, मोठ्या अक्षरात, नव्या चष्म्यातून वाचता येतील असे. सूत्रसंचालकानं उखाणा घ्यायला सांगितला की माइक तिच्या हातात येतो, एवढं तिला ठाऊक आहे.